चाळीस घरांची पट्टी

१२ फेब्रुवारी

टाकली एकदाची सूचना. तीन दिवस नुसती लिहीत होते आणि पुसत होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्यातलं कागदावर काढत जा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. आता स्वतःचीच ओळख स्वतःला काय करून द्यायची, पण पहिलं पान आहे, तर देते. आमची ऑपरेटिंग सिस्टिम कोणाच्या मालकीची नाही. कोणीही फुकट घ्यावी, आतला कोड वाचावा, सुधारावा. तो कोड सांभाळणारे आम्ही काही शे लोक जगभर पसरलेले, बहुतेक बिनपगारी. प्रत्येकाकडे एकेक कोपरा. माझ्या वाट्याला अडगळीची खोली आली. कंपन्या बुडाल्या, यंत्रं मात्र कुठे कुठे चालू राहिली, अशा यंत्रांचे अकरा ड्रायव्हर, म्हणजे ते ते यंत्र संगणकाला ओळखायला लावणारे कोडचे तुकडे, माझ्याकडे. गाभ्यात कोणी जरा इकडची काडी तिकडे केली की मला अकरा ठिकाणी ठिगळं लावावी लागतात. अठरा वर्षं लावतेय.

आता बास. अकराही काढून टाकायचे. त्याची आमच्याकडे ठरलेली रीत आहे. लिस्टवर, म्हणजे आम्हा सगळ्यांना एकदम जाणाऱ्या मेलमध्ये, विचारायचं, 'कोणी वापरतं का?' मग तीन महिने थांबायचं. कोणी बोललं नाही तर कोणाला नको असं धरायचं, आणि काढायचं.

अकरावा ड्रायव्हर मीच लिहिलेला. आयुष्यातला पहिला. दादासाठी लिहिला होता. दादा माझा थोरला भाऊ, नवव्या वर्षी तापात डोळे गेले. जन्मभर एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होता. त्याच्याकडे ब्रेलची पट्टी आहे. चाळीस घरं, एकेका घरात आठ बारीक ठिपके. पडद्यावर जे अक्षर येईल ते बोटाखाली उभं राहतं. पट्टीला वर बटणं आहेत, त्यांनीच तो लिहितो. पट्टी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. दादा तिला 'माझी चाळिशी' म्हणतो आणि स्वतःच हसतो.

नवरोबा शिवणयंत्रं दुरुस्त करतात. दुकानातला एक खण नुसत्या जुन्या सुट्या भागांचा. त्यातलं काही टाकू म्हटलं की जणू त्यांचा दात काढतेय. मी सूचना वाचून दाखवली तर पहिला प्रश्न काय?

"दादांना विचारलंस?"

"दादा आता बोलणारा फोन वापरतो."

"असं ते म्हणाले?"

"अहो, मी दिला ना त्याला तो!"

यावर ते फिरकी भरत बसले.

१ मार्च

रविवार, म्हणजे दादाचं पत्र. दर रविवारी एक मेल येतो, पानभर, गेली अठरा वर्षं. लिस्टवरही तो पहिल्या दिवसापासून आहे. स्वतः कधी एक अक्षर लिहिलं नाही, पण बहिणीची पत्रं जगाबरोबर वाचायची हौस. आज लिहितो: "तुझी सूचना वाचली. अक्षर न् अक्षर नीट. फक्त 'कोणी वापरत असल्यास कळवावे' एवढं पुरलं असतं. पुढे 'बहुधा कोणी नाही' कशाला जोडलंस? विचारायचं आणि उत्तरही आपणच द्यायचं, ही तुझी शाळेपासूनची खोड."

आणि शेवटी: "हे सगळं निघालं म्हणजे तू सुटशील ना, बारके?"

मी छप्पन्न वर्षांची, आणि हा अजून बारके म्हणतो. लिहिलं, "सुटेन रे बाबा. जीव मेटाकुटीला आलाय ह्या जुन्या तुकड्यांपायी." भाषेच्या चुका काढायला त्याला जन्मभर मीच सापडले.

२२ मार्च

दादाला फोन केला. मी विचारतेय, "थंडी गेली का तिकडची?" तर हा, "हो, झालं जेवण." मी म्हटलं रक्तदाबाच्या गोळ्या बदलल्या, तर "वा, वा, छान झालं." हल्ली फोनवर लक्षच नसतं त्याचं. वहिनीच फोन घेतात आणि तो आपला लांबून हाका मारतो. पत्रात मात्र तल्लख, माझ्या प्रत्येक ओळीला उत्तर. म्हणजे मनात असलं की सगळं जमतं.

१३ मे

तीन महिने झाले. लिस्टवर शुकशुकाट. दहा ड्रायव्हरांना तर कोणी हूं की चूं केलं नाही. अकराव्याला एकाने लिहिलं, "ही पट्टी अजून जिवंत आहे?" आणि पुढे हसरं तोंड. तेवढंच.

मग कात्री चालवली. दुपारभर काढत होते. सदतीस हजार ओळी गेल्या. शेवटचा माझा, अकराशे चाळीस ओळींचा. त्यातल्या एका कोपऱ्यात मी तेव्हा टिपण लिहून ठेवलं होतं: 'दादाच्या डाव्या तर्जनीला सातवं घर उशिरा लागतं, म्हणून इथे जरा थांबा.' वाचून हसू आलं. किती पोरकट होते मी. तेही गेलं.

काढलं तेव्हा अगदी खरं सांगायचं तर थोडं गलबललं. चहा पिऊन आले आणि पाठवून दिलं.

२ जून

थोरल्यांनी मंजूर केलं. थोरले म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरचे. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एक ओळ आत येत नाही की बाहेर जात नाही. कौतुक त्यांना ठाऊकच नाही. अठरा वर्षांत मला त्यांची चार वाक्यं आली असतील, त्यातली तीन 'हे चूक आहे' अशी. आज लिहिलंय, "स्वच्छ काम." दोन शब्द, पण मी नवरोबांना दोनदा वाचून दाखवले.

१९ जुलै

नवी आवृत्ती बाहेर पडली आणि झाडू मला मिळाला!

झाडू ही आमच्यातली गंमत आहे. प्रत्येक आवृत्तीत सगळ्यांत जास्त ओळी ज्याने काढल्या त्याच्या नावापुढे सोनेरी झाडूचं चित्र लागतं. नव्या ओळी काय, कोणीही घालतो. काढायला छाती लागते, असं आमच्यात म्हणतात. दिवसभर अभिनंदनाचे मेल. मेळाव्यात भाषण द्याल का, असंही विचारलंय. अठरा वर्षं डागडुजी केली तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं, आणि एक दुपार मोडतोड केली तर ही वरात.

दादाचंही पत्र आलं, आज रविवारच. "झाडू पाहिला. शोभतो तुला. लहानपणी अंगण झाडायचं म्हटलं की पळायचीस." खाली एक ओळ, "नवी आवृत्ती आपल्या घरच्या यंत्रात कधी येते गं?" मी लिहिलं, "दोनतीन आठवड्यांत आपोआप येईल. मीच तसं लावून दिलंय, तुला काही करायला नको." हल्ली त्याला तांत्रिक गोष्टींत भारीच रस.

६ ऑगस्ट

आज माझं डोकं फिरलं.

भाषणाचं सांगायला दादाला फोन केला. आनंदाची गोष्ट पहिल्यांदा त्याला सांगायची सवय, दुसरं काय. वहिनींनी फोन स्पीकरवर लावून त्याच्यापुढे ठेवला. मी सांगतेय, मेळावा आहे, मला बोलावलंय, तर हा म्हणतो, "नाही नाही, आम्ही कुठे जात नाही हल्ली." पुन्हा सांगितलं. "बरं आहे, बरं आहे." तिसऱ्यांदा सांगितलं तर मोठ्याने हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? वहिनी मध्येच, "वन्सं, जरा सावकाश बोला," मला!

मग मी सुटले. म्हटलं, "तुला माझं कौतुक करायचं नसेल तर नको करूस. भिंतीशी बोलल्यासारखं झालंय तुझ्याशी. ठेव. ठेव तो फोन." आणि मीच आधी ठेवला.

जरा जास्त झालं, पण मलाही मन आहे.

१० ऑगस्ट

काल रविवार. दादाचं पत्र नाही.

रागावलाय. रागावू दे. दर वेळी मीच का म्हणून नमतं घ्यायचं?

३० ऑगस्ट

चौथा रविवार कोरा. अठरा वर्षांत हे कधी झालं नव्हतं. वहिनी भाचीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि घरात हा एकटा होता तेव्हासुद्धा पत्र चुकलं नाही. नाकावर एवढा राग कधीपासून आला याच्या? नवरोबा म्हणाले, "तू लाव फोन." मी म्हटलं, "त्याच्याकडेही फोन आहे, बोलणारा. त्याला लावता येतो."

सकाळी मेल उघडला की आधी त्याचं नाव शोधते, हे मात्र खरं.

२० सप्टेंबर

शेवटी राहवलं नाही, मीच लावला. वहिनींनी घेतला. "ते बसलेत बाहेर."

"बोलावता का?"

"नको वन्सं, आत्ताच डोळा लागलाय." बाहेर बसलाय आणि डोळाही लागलाय! मला काय कळत नाही? म्हटलं, "पत्र का नाही पाठवत?" तर म्हणाल्या, "ती त्यांची पट्टी चालत नाही हो. जुनी झाली, म्हणाले. असू दे." मी म्हटलं, "मग फोनवर लिहायला काय झालं? बोललं की अक्षरं उमटतात त्यात. नवी पट्टीही घेऊन देते म्हटलं होतं, तर नको म्हणाला."

पलीकडे वहिनींनी कसलंसं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमची तब्येत कशी आहे?"

म्हणजे निरोप मिळाला. माझ्याशी बोलायचं नाही. भांडण झालं दोघांत आणि निमित्त पट्टीचं. बरं.

११ ऑक्टोबर

भाषण झालं. घरातूनच, पडद्यावर, पण चारशे लोक ऐकत होते. विषय 'काढावं कसं'. मी म्हटलं, आपल्याला सगळं जपून ठेवायची खोड लागते. कोणाला लागेल, कोणाला लागेल, करत आपण ओझी वाहतो. विचारा, थांबा, आणि कोणी बोललं नाही तर त्या शांततेवर विश्वास ठेवा. हे शेवटचं वाक्य लोकांनी उचलून धरलं. दोघातिघांनी आपल्या सहीखाली लावलंय.

दादाने ऐकलं असेल का? दुवा लिस्टवर होता. बोलणाऱ्या फोनवर एक बोट दाबलं की झालं.

१५ नोव्हेंबर

दोनदा वही उघडून मिटली. तरी लिहिते.

नवरोबा काल दादाच्या गावी गेले होते, तिथलं एक जुनं शिवणयंत्र उचलायला. मी म्हटलं होतं, वाटलं तर डोकावून या, मी सांगितलं म्हणू नका. आज दुपारी आले. यंत्र दुकानात न टाकता तसेच घरी आले, चप्पलही न काढता खुर्चीत बसले. मी विचारलं, "अजून रागावलाय का?"

म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येतच नाही. अजिबात. दोन वर्षांपासून कमी होत चाललं होतं. कानाचं यंत्र लावून झालं, उपयोग नाही, नसच गेलीय. ऑगस्टमध्ये उरलंसुरलंही गेलं. तुला सांगायचं नाही म्हणून वहिनींना शपथ घातलीय. तुझा रक्तदाब."

मी म्हटलं, "मग फोन?"

"तो फोन टेबलावर बोलत असतो. ऐकायला कोण आहे?"

मग खाली बघत म्हणाले, "ती पट्टी कपाटावर ठेवलीय. पुसून, कापडात गुंडाळून."

ऐकणारा माणूस नाही, बघणारा नाही, आणि वाचणारं एक जे होतं ते मी काढलं. स्वतःच्या हाताने. वरून त्याचा झाडू मिरवला.

जुने मेल काढून बसले. त्याच्या यंत्राचा आपोआप येणारा मेल सापडला, नवी आवृत्ती त्यात गेली ती आठ ऑगस्टला, शनिवारी. नऊचा रविवार कोरा. मी मात्र सहा तारखेच्या भांडणाचा हिशेब लावत बसले होते. आणि ती मार्चमधली, जुलैमधली पत्रं. 'तुझी सूचना वाचली, अक्षर न् अक्षर.' कशाने वाचली? त्याच पट्टीने. त्याच बोटांनी. 'आपल्या घरच्या यंत्रात कधी येते गं?' तो दिवस मोजत होता, आणि मी लिहिलं, तुला काही करायला नको.

उद्या पहिल्या गाडीने निघते.

१६ नोव्हेंबर

वहिनींनी दार उघडलं आणि माझ्या गळ्यातच पडल्या. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, शर्ट कडक इस्त्रीचा, इस्पितळात ड्यूटीवर जायचा तसाच. हात मांडीवर पालथे. मी समोर उभी राहिले तरी तो तसाच. माझ्या पावलांवरून ओळखणारा माणूस.

वहिनी म्हणाल्या, "तळहातावर बोटाने लिहा. मी तसंच लिहिते. माझं अक्षर गचाळ आहे म्हणून चिडवतात."

मी त्याचा हात हातात घेतला. त्याने आधी माझं मनगट चाचपलं, मग घड्याळ. हे घड्याळ त्यानेच दिलेलं, पहिल्या पगारातून. "बारके?" केवढ्यांदा ओरडला! स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून जोरात बोलतो. "अगं, वाळलीस किती! खात नाहीस का काही?"

मी तळहातावर 'चु' लिहिलं. मग 'क'. पुढचं लिहायच्या आत त्याने मूठ मिटली.

"पुरे," म्हणाला. "चहा घे आधी."

चहा काही गेला नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडले.

१७ नोव्हेंबर

सकाळी पट्टी कपाटावरून काढली. यंत्र ऑगस्टपासून बंदच होतं. सुरू होताना एक बटण दाबून धरलं की आधीची आवृत्ती निवडता येते. निवडली, पट्टी जोडली. चाळीसही घरं खर्रकन उभी राहिली. सगळं मिळून दोन मिनिटं.

हे बटण मीच त्याला शिकवलं होतं. तीनदा करूनही घेतलं होतं. म्हणजे त्याला येत होतं.

दादाचा हात धरून पट्टीवर ठेवला. बोटं सातव्या घरापाशी नेहमीसारखी अडखळली आणि पुढे गेली. मी कळफलकावर लिहिलं, 'तुला जुनी आवृत्ती लावता येत होती. का नाही लावलीस?'

त्याने सावकाश वाचलं. मग म्हणाला, "तुमचा नियमच आहे ना, कोणी बोललं नाही म्हणजे कोणाला नको? मी बोललो नाही. म्हणजे नियमाने मला नकोच होती."

'पण का नाही बोललास? लिस्टवर एक ओळ लिहायची होती.'

"मी लिहिलं असतं तर तू काढली असतीस का?"

'कधीच नाही.'

"हं. मग जन्मभर ठिगळं लावत बसली असतीस, माझ्यापायी. प्रत्येक पत्रात तेच, जीव मेटाकुटीला आलाय, जीव मेटाकुटीला आलाय. म्हटलं, हिला एकदा सोडवू. पुस्तकं काय, पुष्कळ वाचून झाली होती."

मी लिहिलं, 'कानाचं तरी सांगायचंस.'

"तू जगाला विचारत होतीस गं," तो म्हणाला. "मला कुठे विचारलंस?"

रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

तीन महिने आणि नऊ दिवस हा माणूस ह्या खुर्चीत बसून होता. ना आवाज, ना अक्षर. वहिनींनी तळहातावर लिहिलं तेवढंच जग. 'जेवा', 'गोळी', 'कोणी आलं'. मी त्या वेळात चारशे लोकांना शांततेवर विश्वास ठेवायला शिकवत होते.

१९ नोव्हेंबर

दादाच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिस्टला लिहिलं. काढलेला ड्रायव्हर परत घ्यावा. आमच्याकडे पुसलेली ओळही जात नाही, सगळा इतिहास राहतो, त्यामुळे अकराशे चाळीस ओळी परत आणणं ही एका आज्ञेची गोष्ट. अवघड आहे ते कारण लिहिणं. प्रत्येक बदलाबरोबर कारण द्यावं लागतं, आणि ते खोटं लिहायचं नाही हा आमचा पहिला धडा. मी लिहिलं:

'हा ड्रायव्हर मी काढला, ती माझी चूक. वापरणारा एक माणूस आहे. तो माझा भाऊ आहे. मी त्याला विचारलं नव्हतं.'

तासाभरात थोरल्यांचं उत्तर. "एक वापरणारा पुरेसा नाही असं नाही. पण चालतं हे तपासून कोण सांगणार? वापरणाऱ्यांनीच लिस्टवर सांगावं." झाडूवाल्या मंडळींपैकी कोणी काही लिहिलं नाही. एकाने सहीखालचं माझं वाक्य गुपचूप काढून टाकलं.

नवी पट्टीही मागवलीय, यायला दोन महिने लागतील. दादा म्हणाला, "येईल तेव्हा येऊ दे. माझ्या बोटांना हिची सवय आहे."

२४ नोव्हेंबर

चार दिवस दादा काही लिहायलाच तयार नव्हता. "मी कोण त्या विद्वानांत बोलणार?" आज रविवारसारखी आंघोळबिंघोळ करून पट्टीपाशी बसला. वार मंगळवार. मला खोलीबाहेर काढलं. अर्ध्या तासाने माझ्याच फोनवर लिस्टचा मेल वाजला. अठरा वर्षांतला त्याचा पहिला.

'मी वापरतो. रोज. आज तपासली, चाळीसही घरं चालतात. सातव्या घराला जरा थांबते ते तसंच ठेवावं.'

थोरल्यांनी त्याखाली लिहिलं, "घेतलं." आणि देखभाल करणाऱ्यांच्या यादीत त्या ओळीपुढे माझं नाव परत आलं. मी काढताना तिथे 'अनाथ' असा शेरा मारला होता. आमच्याकडे तोच शब्द आहे, मी काही मुद्दाम निवडला नव्हता.

मी झाडू परत घ्या म्हणून कळवलं. अकरातले उरलेले दहा? त्यांच्या मागे कोण खुर्चीत बसलाय, मला माहीत नाही. प्रत्येकाचे जुने मेल काढून एकेकाला वेगळं लिहिणार आहे. आधी करायला हवं होतं ते.

२७ नोव्हेंबर

आज निघायचं. पिशवी भरून झाली, गाडीला तास होता. दादाशेजारी बसले, मध्ये कळफलक आणि पट्टी. तो पट्टीवर हात ठेवूनच बसतो आता, मी काही लिहिलं नाही तरी.

म्हणाला, "बारके, एक विचारायचं राहिलंय."

मी लिहिलं, 'विचार ना.'

"तो ऑगस्टमधला तुझा फोन. तू काहीतरी आनंदात सांगत होतीस. शब्द लागत नव्हते, पण आवाज येत होता. म्हणून मी आपला हसत होतो. शेवटी तू जरा वेगळ्या आवाजात काहीतरी म्हणालीस आणि फोन बंद झाला. मग दोन दिवसांत कान गेले ते गेलेच. म्हणजे तुझा तोच आवाज शेवटचा." जरा थांबला. "तुझ्या वहिनीला विचारलं तर म्हणते, आठवत नाही. काय म्हणालीस गं शेवटी?"

वहिनी दारातच उभ्या होत्या, हातात माझा डबा. फोन स्पीकरवर होता त्या दिवशी.

माझी बोटं कळफलकावर नुसतीच पडून राहिली. दादाची पट्टीवर वाट बघत होती. मग मी लिहिलं, 'दादा, जपून राहा, असं म्हणाले.'

त्याची बोटं डावीकडून उजवीकडे गेली. पुन्हा मागे आली, पुन्हा गेली. "हं," म्हणाला. "वाटलंच मला. आवाज जरा भरून आल्यासारखा होता." आणि माझ्या हातावर थोपटलं.

वहिनींनी डबा पिशवीत ठेवला आणि आत गेल्या.

हे गाडीत बसून लिहितेय. वही चाळताना सहा ऑगस्टचं पान आलं. मी काय म्हणाले होते ते तिथे माझ्याच अक्षरात आहे. फाडायला हात लावला होता. फाडलं नाही. येत्या रविवारी पत्र येईल त्याचं, पानभर, आणि त्याखाली तो लिहील, जपून राहा.